हौसाक्काच्या घरची गळती

रेशनच्या दुकानातल्या मशीनवर माझा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, पुसून परत लावा." मी पदराला पुसते, परत लावते. मशीन पुन्हा नाही म्हणतं. मागची रांग चुळबुळायला लागते. मागे एकदा रांगेतल्या बाईनं विचारलं, "भांडी घासून गेला का हो अंगठा?" मी म्हटलं, "नाही बाई, पिंपरी-चिंचवडच्या निम्म्या इमारतींना लावून गेला."

निम्म्या म्हणजे जरा जास्तच झालं. पण बऱ्याच इमारतींना लावलाय, हे खरं. मी गळती काढायचं काम करायचे. इमारतीच्या सांध्यांत मसाला, म्हणजे वाळल्यावर रबरासारखा होणारा लगदा, भरायचा, तो ओला असतानाच साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून वरून सलग फिरवायचा, म्हणजे कड बसते. मग हाताला लागलेलं थिनरनं काढायचं. साबण आणि थिनर, साबण आणि थिनर. अंगठ्यावरच्या रेषा टिकतील कशा? आता काम सुटलंय, गुडघ्यांनी सोडायला लावलं. रेषा काही परत आल्या नाहीत.

आमच्या मोशीतल्या नव्या इमारतीतल्या बायकांना मी हे सांगितलं की त्या विचारतात, "काकू, म्हणजे प्लंबिंग का?" प्लंबर पाण्याला वाट देतो. आम्ही पाण्याची वाट बंद करायचो. इतकं सोपं आहे. आणि अवघड एवढ्यासाठी, की पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. हॉलच्या पंख्याजवळ थेंब पडतो, आणि वाट असते वरच्या मजल्यावर पार बाथरूमच्या उंबऱ्याखाली. काँक्रीटच्या मधल्या अंगातून पाणी क्वचितच येतं. ते येतं दोन गोष्टी जिथं एकमेकींना भेटतात तिथून. भिंत आणि स्लॅब, पाइप आणि स्लॅब, खिडकी आणि भिंत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन विंगांच्या मधली फट.

मी धाराशिवकडची. लग्न होऊन भोसरीला आले, तेव्हा मालक एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मी बांधकामावर घमेली वाहायला लागले. पुढं गच्चीच्या कोब्याची घोटाई करायला लागले. उन्हात उकिडवं बसून थापीनं सिमेंट गुळगुळीत करायचं, ते बायकांकडेच असायचं. तिथंच मला हौसाक्का भेटली. ती मावळातली, माझ्याहून थोडी मोठी, नवरा अकाली गेलेला, पदरात एक मुलगा आणि एक मुलगी. पहिल्याच दिवशी माझी थापी बघून म्हणाली, "अगं मंगल, गच्ची घोटतीयास का भाकरी थापतीयास?" त्या दिवसापासून आम्ही एकत्र, पुढं गळतीच्या कामालाही.

गळतीच्या कामाला दोघी लागतातच. एकीनं वर पाणी सोडायचं आणि दुसरीनं खाली बॅटरी घेऊन छताकडं बघत बसायचं. मोबाइल आमच्याकडं नव्हते तेव्हा डक्टमधून ओरडायचो. मी वरून म्हणायचे, "आलं का?" खालून हौसाक्का, "न्हाई!" परत थोड्या वेळानं, "आलं का?" "न्हाई गं बाई, मला झोप आली!"

पाण्याचा माग काढायला आम्ही कपड्याची नीळ वापरायचो. ही अक्कल हौसाक्काची. पिंपळे गुरवमध्ये एका घरी छत गळायचं, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ काही केल्या कबूल होईनात. "आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, खालच्यांचंच काहीतरी असेल." आम्ही त्यांच्याच परवानगीनं त्यांच्या बाथरूममध्ये नीळ घालून पाणी तुंबवलं. दुसऱ्या दिवशी खालचे गृहस्थ पांढराशुभ्र शर्ट घालून ऑफिसला निघाले, आणि दारात येईपर्यंत खांद्यावर निळा ठिपका. ते रागावले नाहीत. तसाच शर्ट घालून वर गेले आणि म्हणाले, "ओळखा पाहू, कुणाचा?"

चाकणच्या एका कंपनीत तर मशीनच्या पॅनेलवर छत्री बांधलेली आम्ही पाहिली. छताचा सांधा गळत होता आणि बरोबर पॅनेलवर थेंब. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा कुणीतरी छत्रीलाही झेंडू बांधला होता, हळदकुंकू लावलं होतं. आम्ही सांधा भरला, गळायचं थांबलं. पुढं काही महिन्यांनी दुसऱ्या कामाला गेलो तर छत्री तशीच. सुपरवायझर म्हणाले, "राहू द्या मावशी, पोरांना सवय झालीय. काढली की मशीन बिघडतं म्हणतात."

सांध्याचं खरं शास्त्र मला शिकवलं ते आमच्या कंत्राटदाराकडच्या एका तरुण इंजिनिअर साहेबांनी. मी विचारलं होतं, "साहेब, ही फट मुद्दाम ठेवतात आणि मग आम्हालाच भरायला लावतात, हा काय प्रकार?" ते म्हणाले, "काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. दोन्ही इमारतींना हलायला जागा हवी, म्हणून फट. आणि पाणी जायला नको, म्हणून भरायची. पण ताणलं जाईल अशा गोष्टीनं." मग त्यांनी माझ्या वेणीचं रबर मागून घेतलं. दोन टोकं धरून ताणलं, सोडलं. "हे बघा, दोनच बाजूंना धरलंय, ताणतंय. आता हौसाक्का, मधे बोटानं टेबलावर गच्च दाबा." हौसाक्कानं दाबलं. साहेबांनी ओढलं. रबर तुटलं. "तळाला चिकटलं की असं होतं. मसाला दोन्ही भिंतींना चिकटला पाहिजे, तळाला नाही. म्हणून खाली फोमची दोरी घालायची आणि मगच मसाला भरायचा." दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघींना रबरांचं एकेक पाकीट घेऊन आले. इतक्या चांगल्या रीतीनं मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

हौसाक्कानं पिंपळे गुरवमध्ये घर घेतलं होतं. नवऱ्याच्या मागं जे मिळालं त्यात स्वतःची मजुरी घालून घेतलेलं, वरच्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. इमारतीला दोन विंगा, ए आणि बी, लिफ्ट नाही, वर दोन्हींची मिळून एक गच्ची. हौसाक्काचं स्वयंपाकघर नेमकं दोन विंगांमधल्या फटीला लागून. घर घेतल्यावर ती पहिल्यांदा मला काय म्हणाली असेल? "मंगल, आता मला कुणी जा म्हनू शकत न्हाई." भाड्याच्या खोल्यांतून तिला किती वेळा उठवलं होतं, ते मला माहीत होतं.

आणि त्याच घरात गळायला लागलं. पावसाळा आला की ओट्यावरच्या कोपऱ्यात ओल, मग थेंब, मग पातेलं. आम्ही दोघींनी गच्चीवरचा सांधा भरला. एक पावसाळा बरा गेला, दुसऱ्या पावसाळ्यात परत गळायला लागलं. परत भरला. परत तेच. आजूबाजूच्यांना तर आयतीच मजा. जिन्यात कुणीतरी म्हणायचं, "काय आक्का, आज कुठं गळती काढायला निघालात? आणि घरी बादली लावली का?" ती हसून म्हणायची, "लावली की. तुमाला पायजे का पानी?" पण वर येऊन दार लावलं की ओट्याकडं बघत उभी राहायची.

चेष्टा परवडली असती. पण त्याच सुमारास इमारतीत एका बिल्डरची माणसं यायला लागली. पाडून नवा टॉवर बांधतो, सगळ्यांना मोठी घरं देतो, म्हणायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की पहिलं बोट हौसाक्काच्या छताकडं. "इमारत म्हातारी झालीय. बघा ना, गळती थांबत नाही." हौसाक्काच्या मनानं घेतलं, की आपली गळती थांबली तर इमारत वाचेल. ती मला म्हणाली, "ह्या घरातनं उठले तर टावर हुईस्तवर मी परत भाड्याच्या खोलीत. आन् मग ह्या जिन्यात मला आक्का कोन म्हननार? तू काय बी कर, पर औंदा ह्ये थांबव." काम दोघींचं असायचं, पण तिनं ते माझ्यावर टाकलं. स्वतःच्या घरापुढं तिचा हातच चालेना.

उन्हाळ्यात मी ठरवलं, वरवर भरायचं नाही, सांधा तळापर्यंत उकरायचा. गच्ची तापलेली, आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मी आकड्यानं जुना मसाला ओढून काढत होते. तो काही ठिकाणी सलग निघाला, पट्टीसारखा, म्हणजे चांगला होता. पण मधेमधे गोल भोकं पडलेली आणि त्यांत कुणीतरी सिमेंट कोंबलेलं. ते फोडलं तर आत काय? बांबूच्या ढलप्या. सुतळी. पताकांचे रंगीत कागद. सोड्याच्या बाटलीचं झाकण. आणि एका ठिकाणी हळद, वाळून घट्ट झालेली.

मी हौसाक्काकडं पाहिलं. ती हळदीचं ढेकूळ तळहातावर घेऊन बसलेली.

"मंगल, मांडव!" ती म्हणाली.

तुम्हाला समजावं म्हणून सांगते. त्या इमारतीत कुणाचंही कार्य असलं की गच्चीवर मांडव. कोजागिरीचं दूध गच्चीवर, बारसं गच्चीवर, हळद गच्चीवर, दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कारसुद्धा गच्चीवर. आणि मांडवाचे बांबू उभे करायला खड्डा कुठून आणणार? ही दोन विंगांमधली फट आयतीच सरळ रेषेत होती. बांबू आणायचे, फटीत ठोकायचे. कार्य झालं की उपटायचे, आणि भोक दिसू नये म्हणून प्रेमानं सिमेंट कोंबायचं. आम्ही सांधा भरत होतो आणि कोजागिरीला तो फुटत होता.

"म्हंजी माझ्याच पोरीच्या हळदीनं माझं घर गाळलं?" हौसाक्का म्हणाली, आणि अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. मग मीही. भर उन्हात दोन बायका गच्चीवर बसून हसतायत म्हणून खालून सोसायटीचे चेअरमन नाना कठडा धरत वर आले. नाना कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशांचे, सगळ्या मांडवांचे कारभारी.

मी त्यांना ढलपी दाखवली. "नाना, हा बांबू कुणी ठोकला?"

त्यांनी चष्मा वर केला. "मीच. आणि मजबूत ठोकला होता, वादळात हलला नाही!" मग सांध्याकडं पाहिलं, हौसाक्काकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा. आक्का, म्हणजे इतकी वर्षं आम्हीच..."

"तुमीच न्हवं, आपुनच," हौसाक्का म्हणाली. "पयला बांबू माझ्या पोरीच्या हळदीला मीच धरला व्हता."

नाना म्हणाले, "आजपासून गच्चीवरचे कार्यक्रम बंद. तसा बोर्ड लावतो."

मला वाटलं, हौसाक्का सुटकेचा निःश्वास टाकेल. ती उठून उभी राहिली. "बोर्ड बिर्ड काय लावू नका नाना. मांडव घाला. फकस्त बांबू डब्यात लावा." आणि तसंच झालं. रंगाचे रिकामे मोठे डबे गोळा केले, बांबू मधे धरून त्यांत काँक्रीट भरलं. डबे कुठंही सरकवा, मांडव उभा. आम्ही सांधा कोरा करून घेतला, फोमची दोरी घातली, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली, मसाला भरला. अंगठा फिरवायचं काम त्या दिवशी हौसाक्कानं केलं, ए विंगच्या टोकापासून थेट कठड्यापर्यंत, मधे एकदाही न उचलता.

त्या वर्षी पाऊस धो धो झाला. मी दर दोन दिवसांनी तिच्याकडं जायचे आणि आम्ही दोघी चहाचा कप घेऊन ओट्याजवळ उभ्या राहून कोरड्या कोपऱ्याकडं बघायचो. दुसरं काही नाही, नुसतं बघायचो. कोजागिरीला गच्चीवर मांडव पडला, डब्यांतल्या बांबूंवर. मुलं डब्यांवर बसून दूध पीत होती. हौसाक्का सगळ्यांना आग्रह करत फिरत होती आणि जो भेटेल त्याला सांगत होती, "माझ्याकडं या की, कोपरा बघून जा." माणसं दुधाचे पेले घेऊन तिच्या स्वयंपाकघरात छत बघायला रांग लावून. त्या रात्रीचा विचार आला की अजून मला त्या गच्चीवर जावंसं वाटतं.

पुढच्या मीटिंगला मीही गेले होते, मागे उभी राहिले. बिल्डरचा विषय आला. हौसाक्का उठली आणि ठासून म्हणाली, "आता गळत न्हाई."

कुणी हसलं नाही. नाना हळू आवाजात म्हणाले, "माहिती आहे आक्का. गळतीसाठी नाही गं. गुडघ्यांसाठी. मी आठवड्यातून एकदाच खाली उतरतो आता. बायकोला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून न्यावं लागतं. नवीन इमारतीला लिफ्ट असेल."

हौसाक्का उभीच होती. तिचेही गुडघे गेलेले, जिना चढताना ती कठड्याला किती रेलते ते सगळ्यांना ठाऊक होतं. बिल्डर वाईट होता असंही नाही, आणि माणसं लबाड नव्हती. सगळी थकली होती, बस. आमचा मसाला जो उपाय करू शकत होता तो त्यानं केला होता. त्यापलीकडचं त्याच्या हातात नव्हतं. एकेक करून हात वर झाले. शेवटी हौसाक्कानं आपल्या हाताकडं पाहिलं आणि तोही वर केला.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला होते. प्रत्येक मजल्यावरून टेम्पो भरत होते. कुणी चिखलीला, कुणी वाकडला, कुणी गावी. नाना लेकीकडं गेले. हौसाक्का देहूरोडला मुलाकडं गेली. नवा टॉवर झाला की परत येऊच, असं सगळे एकमेकांना सांगत होते आणि कुलपं लावत होते.

इमारत पाडत होते तेव्हा आम्ही दोघी समोरच्या रस्त्यावर उभ्या होतो. मशीननं ए विंगचा वरचा कोपरा ओढला. स्लॅब कलला, आणि दोन विंगांच्या मधे आमची मसाल्याची पट्टी ताणली गेली. ताणली, ताणली, अजून ताणली. तुटेचना. "साहेबाचं रबर," हौसाक्का पुटपुटली. मग धूळ उठली आणि काही दिसेनासं झालं. तिनं माझा हात धरला होता. धूळ बसल्यावरही सोडला नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. टॉवर अजून उभा राहतोच आहे. सुरुवातीला आम्ही फोनवर बोलायचो. मग फोनही कमी झाले. ती बोलायला लागली की मागं टीव्ही, नातवंडं, सुनेची शिफ्ट. "बरं हाय गं," म्हणायची आणि ठेवायची. मला माझ्या खिडकीतून समोर नव्या इमारतींचे मजले चढताना दिसतात, आणि मी उगाचच त्यांचे सांधे न्याहाळत बसते. कुणाला सांगणार, की अमुक कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यात पाणी येणार आहे? ज्या माणसाला ते सांगून दोघींनी हसायचं, ते माणूस देहूरोडला.

यंदा पाऊस सरता सरता एका सकाळी फोन आला. हौसाक्काच. आवाज घाईचा.

"मंगल, येती का? पोराच्या घरात गळतंय."

"कुठं?"

"माझ्या खोलीत. छताला. लय गळतंय गं."

मी जुनी पिशवी काढली. छोटी हातोडी, बॅटरी, नीळ. माझी सून म्हणाली, "आई, गुडघे!" मी म्हटलं, "गळतंय तिच्याकडं," आणि निघाले. मोशीहून बस, निगडीला उतरून दुसरी बस. देहूरोडला पोचून दोन मजले चढले तेव्हा दम लागला होता. दार तिच्या सुनेनं उघडलं. पोर चांगली आहे, लगेच पाणी दिलं. मी म्हटलं, "छत बघायला आले, गळतंय ना?"

ती गोंधळली. "गळतंय? आमच्याकडं? कुठं काकू?"

आतून हौसाक्काचा आवाज आला, "हितं, हितं. तिला आत यिऊ दे."

तिची खोली लहान, स्वच्छ, खिडकीतून ऊन आलेलं. ती पलंगावर बसली होती, पूर्वीपेक्षा अर्धी झालेली. मी छताकडं पाहिलं. कोरं. कोपरे पाहिले. कोरडे. ओलीचा डाग नाही, रंगाचा फुगवटा नाही, वास नाही. इतकी वर्षं काम केलंय, खोलीत पाऊल टाकताच कळतं. मी हौसाक्काकडं पाहिलं. तिनं नजर खिडकीकडं वळवली.

"नीट बघ की," ती म्हणाली. "तू असंच वरवर बघतीस."

मी स्टूल मागवलं. सून घाबरून स्टूल धरून उभी राहिली. पोकळ आवाज येतो का ते ऐकत मी हातोडीनं छत वाजवायला सुरुवात केली, एका टोकापासून, बोटभर जागा न सोडता. खाली हौसाक्का बोलायला लागली. नाना लेकीकडं कसे आहेत, खालच्या मजल्यावरची पोरगी नर्स झाली, कुणाला नातू झाला, लेकीच्या हळदीला ती स्वतः कशी नाचली होती. मी ठोकत होते आणि ती बोलत होती. सुनेनं हळूच स्टूल सोडलं आणि चहा टाकायला गेली. छत संपलं तशी मी भिंत वाजवायला घेतली.

दोघींचा चहा थंड झाला. शेवटी हौसाक्कानं विचारलं, अगदी गिऱ्हाईक विचारतं तसं, "मग? मोठं काम हाय का?"

मी स्टूलावरून उतरले, हात झटकले आणि परत एकदा छताकडं पाहिलं.

"मोठं आहे," मी म्हटलं. "एका खेपेत नाही व्हायचं. अधूनमधून यावं लागेल मला."